पहिला भाग अर्धा आवडला, पुढचे चार कपाटात

"भाऊ, नमस्कार. मी धुळ्याची, देवपुरात राहते. ३४ वर्षं बँकेत काढली, गेल्या वर्षी रिटायर झाले. तेव्हा पुण्याच्या भाच्याने एका इंग्रजी मालिकेचे पाच भाग एकदम भेट पाठवले. पहिल्याचं नाव 'रिव्हर्स ऑफ लंडन', लेखक बेन आरोनोविच. आजच्या लंडनमधला एक पोलीस शिपाई, त्याला भूत भेटतं, मग तो जादू शिकतो, असा प्रकार. दीड महिना लावून, मोबाइलवर शब्द बघत बघत मी ते संपवलं. आणि आता मलाच कळेना की आवडलं की नाही. नद्या माणसासारख्या येतात तिथे 'व माय, हे तर आपलंच!' असं झालं. पोलिसांचे कागदी घोडे वाचून बँक आठवली, एकटीच हसत बसले. पण खुनांची गोष्ट कुठल्या कुठे भरकटते. ते बाहुल्याचं प्रकरण मला बालिश वाटलं. आणि तो पोरगा बाई दिसली की आधी काय बघतो ते पानोपानी सांगतो, त्याचा तर वीट आला. भाचा दर रविवारी फोनवर विचारतो, 'मावशी, दुसरा घेतला का?' मी म्हणते, 'छान आहे रे, वेळच मिळत नाही.' रिटायर बाईला वेळ मिळत नाही! घरचे आधीच हसतात की या वयात भुताखेतांची पुस्तकं काय वाचते. पुढचे वाचू की नको?"
एक वाचक, धुळे

ताई,

घरच्यांचं आधी उरकून टाकतो. हसू द्या. ज्या घरात दर श्रावणात नारळाला नथ घालून कानबाई देवी बसते, त्या घराने भुताखेतांना हसावं म्हणजे जरा गंमतच आहे.

आता तुमचं. आवडलं की नाही ते कळत नाही असं तुम्ही लिहिलंय, पण पत्रात तर सगळं लख्ख लिहून ठेवलंय. नद्या आवडल्या, कचेरीची थट्टा आवडली, गोष्टीची बांधणी नाही आवडली, बाहुलं नाही आवडलं, पोराची नजर नाही आवडली. अडचण आहे ती शिल्लक काढायच्या घाईची. जमा आणि नावे दोन्हीकडच्या रकमा वेगवेगळ्या खात्यांच्या आहेत, आणि तुम्ही त्यांची एकच बेरीज मागताय. बँकेत कुणी असं केलं असतं तर तुम्हीच व्हाउचर परत फेकलं असतं.

मी ३० वर्षं तालुक्याच्या वाचनालयात टेबलामागे बसलोय. मालिकांचं काय होतं ते मी कपाटात बघितलंय. पहिल्या भागाची पाठ फाटून चिकटपट्टी लागलेली, मागच्या तारखांच्या चिठ्ठीवर शिक्का मारायला जागा नाही म्हणून दुसरी चिठ्ठी डकवलेली. दुसऱ्या भागाच्या चिठ्ठीवर त्याच्या निम्मेही शिक्के नाहीत. पण तिसरा, चौथा, पाचवा बघा, तर तिथे दुसऱ्याइतकेच शिक्के, एखादा कमी. गळती व्हायची ती पहिल्या आणि दुसऱ्याच्या मध्ये होते, पुढे कुणी गळत नाही. तुम्ही नेमक्या त्याच फटीत उभ्या आहात. तिथे अडखळणाऱ्या तुम्ही काही पहिल्या नाही, आणि परत फिरणाऱ्यांना मी कधी नाव ठेवलं नाही.

पण परत फिरायच्या आधी एक बघायचं असतं. पहिल्या भागात जे खटकलं, ते पहिला भाग म्हणून खटकलं की तो लेखकाचा स्वभावच आहे?

आमच्या घरी आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, मांडे व्हायचे. चुलीवर खापर पालथं टाकलेलं, आई हातावर पोळी मोठी करत करत कोपरापर्यंत न्यायची आणि एका झोक्यात खापरावर टाकायची. पहिला मांडा हमखास फाटायचा, कुठे कच्चा, कुठे करपलेला, पुरण बाहेर. तो आम्हा पोरांचा. आई म्हणायची, खापर अजून बसलं नाही. दुसऱ्या-तिसऱ्यापासून मांडे असे उतरायचे की आरपार दिसावं. पण पुरणात गूळ जास्त पडला असेल, तर तो पहिल्या मांड्यात जास्त आणि शेवटच्यातही जास्तच. खापर तापून गूळ कमी होत नाही.

तुमच्या तक्रारी या हिशेबाने लावून बघतो. (ज्यांनी पुस्तक वाचलेलं नाही आणि वाचायचं आहे, त्यांनी पुढचे दोन-तीन परिच्छेद सोडले तरी चालेल. शेवट मी सांगत नाही.)

गोष्ट भरकटते, हे खरंच. एकीकडे लंडनच्या कोव्हेंट गार्डन चौकात माणसाचं डोकं उडवलेलं, त्याचा साक्षीदार भूत, आणि आपला शिपाई पीटर ग्रँट वही काढून त्या भुताची साक्ष लिहून घेतोय. सुरुवात फार झकास आहे, मला तरी ती अजून पाठ आहे. दुसरीकडे थेम्स नदीच्या घरातलं भांडण. या दोन गोष्टी एकमेकींना नीट भेटतच नाहीत. दोन पुस्तकं एका पुठ्ठ्यात बांधल्यासारखं होतं. पण बघा, या बिचाऱ्याला त्याच पानांत किती सामान लावायचं होतं! जादू कशी चालते, तिने मोबाइलच्या आतला भाग वाळूसारखा भुगा का होतो, जादूवाल्या पोलिसांचं जुनं घर, तिथला साहेब, तिथली मोलकरीण, आणि दगडाविटांत साचून राहिलेले जुने वास नि आवाज हुंगायची विद्या. हे सगळं एकदा लावून झालं की पुन्हा लावावं लागत नाही. दुसऱ्या भागापासून तो सरळ गोष्टीला हात घालतो. हा पहिला मांडा आहे. दुसरा भागही त्याच वर्षी, २०११ मध्ये आला, म्हणजे खापर थंड होऊ न देताच टाकलाय.

बाहुल्याचं निराळं. तो दोष पहिल्या भागाचाही नाही आणि लेखकाचाही नाही. तो आपल्या आणि लंडनच्या मधल्या अंतराचा आहे. पंच नावाचा तो बाहुला तिकडच्या पोरासोरांना ठाऊक असतो. हातात दांडकं, वाकडं नाक, किनरा आवाज. तो पोराला मारतो, बायकोला मारतो, पोलिसाला मारतो, आणि पोरं खिदळतात. सॅम्युअल पेपिस नावाच्या माणसाने आपल्या रोजनिशीत मे १६६२ मध्ये कोव्हेंट गार्डनला इटालियन बाहुल्यांचा खेळ बघितल्याची नोंद केली आहे, तोच या पंचचा इंग्लंडातला पहिला पत्ता मानतात, आणि तिथल्या चर्चच्या भिंतीवर तसं कोरून ठेवलंय. म्हणजे तिकडच्या वाचकाला आधी कोण मरणार, मग कोण, हे लहानपणापासून माहीत. खून त्या क्रमाने पडताहेत हे कळल्यावर त्याच्या अंगावर काटा येतो. आपल्याला तो क्रमच माहीत नाही, तर काटा येणार कुठून? उलटं करून बघा. समजा धुळ्याच्या एखाद्या कादंबरीत खून होताहेत ते गण, गवळण, बतावणी, वग या क्रमाने. आपल्याला बतावणीपाशीच समजेल की आता मोठं काहीतरी यायचंय. लंडनचा वाचक म्हणेल, हे काय बालिश! तेव्हा इथे तुमचं चुकलं नाही आणि त्याचंही चुकलं नाही. पुन्हा वाचायला घ्याल तर तुम्हालाही तो बाहुला आधीसारखा पोरकट वाटणार नाही, एवढंच.

आता त्या पोराची नजर. इथे मी तुम्हाला खोटा दिलासा देणार नाही. हा गूळ आहे. गोष्ट तोच सांगतोय, विशीतला आहे, आणि त्याच्या डोळ्यांनीच आपल्याला सगळं बघावं लागतं. काहीजण म्हणतात की विशीतला पोरगा असाच असतो, लेखकाने खरं लिहिलंय. असेल. पण सोबतीची लेस्ली त्याच्यापेक्षा दहापट हुशार पोलीस आहे हे तोच सांगतो, आणि तरी आधी तिच्या अंगाकडे बघतो, याने मलाही ओशाळल्यासारखं झालं होतं. दुसऱ्या भागात तर हे पीटरसाहेब प्रेमात पडतात. म्हणजे तिथे ही नजर कमी होईल अशी आशा धरू नका. तिचा किती त्रास करून घ्यायचा ते तुम्ही ठरवायचं. 'एवढं काय त्यात' असं कुणी म्हटलं तर, ३४ वर्षं काउंटरच्या त्या बाजूला बसलेल्या बाईला लोकांच्या नजरा कुणी शिकवू नयेत, असं माझं मत आहे.

राहिल्या नद्या. इथे मला जरा रेंगाळू द्या, कारण तुमच्या पत्रात सगळ्यात जिवंत ओळ तीच आहे.

'हे तर आपलंच' हे मलाही आधी वाटलं होतं. नदी बाई असणं यात आपल्याला नवल ते काय! तापी सूर्याची लेक, यमुनेची बहीण, शनी तिचा भाऊ, आषाढ शुद्ध सप्तमीला तिचा वाढदिवस. गिरणा, बोरी, पांझरा, वाघूर या सगळ्या तिच्याकडे येऊन मिळणाऱ्या, पूर्णा तर चांगदेवला थाटात भेटते. पण नीट बघितलं तर लंडनच्या नद्या आपल्यासारख्या नाहीत, आणि गंमत तिथेच आहे. त्यांची पूजा कुणी करत नाही. त्यांचा प्रश्न हद्दीचा आहे. थेम्सला समुद्राची भरती टेडिंग्टनच्या बंधाऱ्यापर्यंत चढते, हे भूगोलाच्या पुस्तकातलं सत्य. लेखकाने काय केलं, भरतीच्या पाण्याची नदी मामा थेम्सची (इंग्रजीतली मामा, म्हणजे आई) आणि त्यावरची गोड्या पाण्याची फादर थेम्सची, अशी वाटणी केली. म्हातारा एकोणिसाव्या शतकातल्या घाणीला कंटाळून शहर सोडून वर निघून गेला. आणि ती घाण काही लेखकाची कल्पना नव्हे. १८५८ च्या उन्हाळ्यात थेम्सला इतकी दुर्गंधी सुटली होती की नदीकाठच्या पार्लमेंटात पडदे ब्लीचिंग पावडरच्या द्रावणात भिजवून टांगावे लागले. रिकाम्या पडलेल्या जागेवर पुढे कोण आलं? नायजेरियातून नर्स व्हायला आलेली, दुःखाने नदीत उडी घेतलेली एक पोरगी. नदीने तिला बुडवलं नाही, मालकीण केलं. आणि आता म्हातारा म्हणतो माझी वडिलोपार्जित, ती म्हणते कसते मी.

ताई, हा सातबाऱ्याचा वाद आहे! देवदेवतांची गोष्ट इतक्या तलाठी-नजरेने लिहिलेली मी दुसरी वाचलेली नाही. गिरणेचं आवर्तन कधी सुटणार, कुठल्या पाटाला आधी, शेवटच्या शेतापर्यंत पाणी पोचणार का, यावर ज्यांनी गावची बैठक मोडताना बघितली आहे, त्यांना हे भांडण समजावून सांगावं लागत नाही. तुम्हाला 'आपलंच' वाटलं ते याच्यामुळे, असा माझा अंदाज आहे. नदी देवी आहे म्हणून नाही, तर नदीवर हक्क कुणाचा हे भांडण आहे म्हणून.

आणि तो प्रसंग आठवतो ना, पीटर मामा थेम्सच्या घरी जातो आणि खाण्याआधी विचारतो की हे खाल्लं तर मी तुमचा मिंधा तर होणार नाही? मी तिथे पुस्तक मिटून हसलो. आपल्याकडे देव असो की माणूस, घोटभर चहा न घेता उठलात की तिथेच वैर सुरू.

म्हणून आता सरळ सांगतो. दुसरा भाग पुढचा आहे म्हणून घेऊ नका. पीटरचा बाप जॅझ वाजवणारा, दुसरा भाग बराचसा त्या जॅझच्या आणि सोहो भागाच्या वाटेने जातो. नद्या मागे सरकतात. तुम्हाला हव्या आहेत नद्या, आणि तिथे मिळणार आहे नजर. हा सौदा तुमच्या फायद्याचा दिसत नाही. तरी पन्नासेक पानं वाचून बघा, कचेरीची थट्टा तिथेही आहे. नाही रमलात तर तिसरा घ्या. त्यात लंडनच्या पोटातले रेल्वेचे बोगदे आणि गटारं आहेत. लंडनच्या कितीतरी छोट्या नद्या आज गटारं होऊन रस्त्यांखालून वाहतात, फ्लीट नावाची नदी त्यातलीच, तेव्हा ते तुमच्या आवडीचं निघण्यासारखं आहे. आणि पाचवा तर शहर सोडून खेड्यात जातो, सोबत मामा थेम्सची एक लेक आहे. मधले सोडून एकदम पाचवा उघडला तर दोन-चार गोष्टी आधीच कळतील. कळू द्या. ऑडिटर काही येणार नाही.

वाचण्याबद्दल आणखी एक बारीक गोष्ट. मोबाइलवर प्रत्येक शब्द बघू नका. पोलिसांच्या हुद्द्यांची आणि खात्यांची ती आद्याक्षरं लंडनबाहेरच्या इंग्रजांनाही सगळी कळत असतील असं नाही. आपण वर्तमानपत्रात 'पीएसआय', 'एलसीबी' वाचतो तेव्हा काय पूर्ण रूप आठवतो का? वाक्याच्या ओघात जो माणूस कळला तो कळला. तुमचा दीड महिना तीन आठवड्यांवर येईल.

आता भाचा. खरं सांगू का, तुमच्या पत्रातला मुख्य प्रश्न मला हाच वाटला. पुस्तकं वाचायची की नाही हे तुम्ही एका दुपारी ठरवाल, पण दर रविवारी 'वेळ मिळत नाही' म्हणायला किती दिवस पुरणार? पाच भाग एकदम पाठवणारा पोरगा आभारासाठी फोन करत नाही. त्याला पुण्यात या पुस्तकावर बोलायला माणूस मिळत नसणार, म्हणून तो मावशीला घोळात घेऊ बघतोय. माझ्या टेबलासमोर पुस्तक परत करताना 'छान होतं' म्हणणारे रोज यायचे, त्यांच्याशी पुढे काही बोलणं व्हायचं नाही. 'शेवट काय लिहिलाय, शरम नाही वाटली त्याला?' म्हणून तणतणत येणारे एक मास्तर होते, त्यांच्यासाठी मी चहा मागवायचो.

येत्या रविवारी त्याला म्हणा, "अरे, संपवून महिना झाला. त्या शिपायाची नजर मला अजिबात आवडली नाही, दोन गोष्टी त्याने शिवल्याच नाहीत नीट, पण मामा थेम्सची बाजू खरी की म्हाताऱ्याची, ते तू सांग." बघा तो किती वेळ फोन ठेवत नाही. नजरेचं बोलायला लाजू नका. २५-२६ चा असेल तर मावशीकडून हे ऐकण्याचा फायदा पुस्तकापेक्षा जास्त.

आणि तो कानबाईला घरी येत असेल तर रोट झाल्यावर दुसऱ्या दिवशी विसर्जनाला त्याला पांझरेवर न्या. एकवीरेच्या देवळापासून मोठ्या पुलाकडे चालत चला. त्याला विचारा, ही नदी आज माणूस होऊन घरी आली तर कशी दिसेल, वय किती, काय नेसेल, कुणाकुणावर चिडलेली असेल. वर अक्कलपाड्याला तिला धरण घालून अडवलंय. काठाकाठाने जुने दगडी बंधारे आणि फडाचे पाट, ज्यांत शेतकरी शेकडो वर्षं पाणी आपापसांत वाटून घेत आले, ते बरेचसे गाळात गेले. १८८४ मध्ये नोकरीला नुकता लागलेला विश्वेश्वरय्या नावाचा एक पोरगेला इंजिनिअर हिच्यावर पाइपचा सायफन बांधायला आला होता, तो तिला आठवत असेल का? आणि ब्रिग्ज नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने आखलेल्या धुळ्यातल्या सरळ रेषेतल्या, नंबर घातलेल्या गल्ल्यांबद्दल तिचं मत काय? खाली मुडावदला तापीत मिसळायच्या आधी ती मोठ्या बहिणीला धुळ्याबद्दल काय सांगत असेल, हे मात्र सदरात छापण्याजोगं नसावं.

भाच्याचं उत्तर काय आलं ते मला कळवा. आणि पहिला भाग कुणाला देऊन टाकणार असाल तर आधी मला विचारा, आमच्या वाचनालयाची प्रत एकजण नेऊन बसलाय, दोन वर्षं झाली.

तुमचा भाऊ